प्रोलॉगमध्ये घटना घडताच नियम आपोआप कसा चालवायचा?

तुम्हाला टाकीची पातळी उतरली की मोटरचा नियम आपणहून चालायला हवाय, दर सेकंदाला क्वेरी न करता. प्रोलॉग ही तर्काच्या नियमांवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा, ती विचारल्याशिवाय काही शोधत नाही, त्यामुळे अडचण खरी आहे.

फ्रीझ किंवा व्हेन (काम लांबणीवर टाकणारे प्रोलॉगचे प्रेडिकेट) इथे चालणार नाहीत. ते व्हेरिएबलला किंमत मिळण्याची वाट बघतात आणि ती एकदाच मिळते. पातळी तर दिवसभर बदलते. अशा कामाला मी सीएचआर (कन्स्ट्रेंट हँडलिंग रूल्स) वापरतो. टॉम फ्र्यूविर्थ यांनी १९९१ मध्ये मांडलेली ही नियमभाषा एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये लायब्ररी म्हणून मिळते. नवा कन्स्ट्रेंट (इथे पातळीसारखी एक नोंद) स्टोअरमध्ये, म्हणजे अशा नोंदींच्या साठ्यात, आला की त्याला लागू पडणारे नियम तिथल्या तिथे चालतात.

नवी(_न), पातळी(_) <=> पातळी(_न).
नवी(_न) <=> पातळी(_न).
पातळी(_न) ==> कमी(_न) | मोटर(सुरू).

(देवनागरी नावं चालतात, फक्त व्हेरिएबल अंडरस्कोरने सुरू करा. कमी हा साधा प्रेडिकेट, बाकी तिन्ही कन्स्ट्रेंट. पहिल्या दोन नियमांतली खूण डावीकडचं काढून उजवीकडचं ठेवते; तिसऱ्यातली डावीकडचं राहू देऊन उजवीकडचं जोडते, उभ्या रेघेआधीची अट खरी असेल तर.)

‘नवी’ वेगळी का ठेवली? कारण सगळेजण आधी हे लिहितात:

पातळी(_) \ पातळी(_) <=> true.

वाटतं, जुनी जाईल आणि नवी राहील. होतं उलटं! नियम वरून खाली तपासले जातात, पण एका नियमातली डोकी (खुणेच्या डावीकडचे, जुळवायचे कन्स्ट्रेंट) उजवीकडून डावीकडे. नुकतं आलेलं रीडिंग आधी उजव्या, म्हणजे काढून टाकायच्या जागी बसतं आणि तेच पुसलं जातं.

मोटर(सुरू) मधून थेट रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चालवू नका. पुढे कुठे फेल झालं तर बॅकट्रॅकिंगने (प्रोलॉग मागे जाऊन दुसरा पर्याय बघतं तेव्हा) स्टोअर मागे येईल, चालू झालेली मोटर येणार नाही. तो कन्स्ट्रेंट स्टोअरमध्ये नोंद म्हणून राहू द्या. फेरी यशस्वी झाली की रीडिंग वाचणाऱ्या लूपने ती नोंद काढून घ्यावी आणि मग रिलेला हुकूम द्यावा.

माझे दोन दिवस मात्र लूपनेच खाल्ले. रिपीट आणि फेल वापरून (मुद्दाम फेल करून पुन्हा पहिल्यापासून) रीडिंग वाचत होतो आणि प्रत्येक फेरीला स्टोअर रिकामं! फेल झालं की त्या फेरीत भरलेलं सगळं जातं. म्हणून लूप रिकर्सिव्ह लिहा, आणि प्रत्येक फेरी वन्समध्ये (पहिलंच उत्तर घेऊन थांबणारा प्रेडिकेट) गुंडाळा, म्हणजे चॉइसपॉइंट (परत येऊन बघायचे राखून ठेवलेले पर्याय) साचून मेमरी वाढत जाणार नाही.