माहितीपत्रकातली ‘सामाजिक न्यायाशी बांधिलकी’ वर्गात खरंच दिसते का?

तुम्ही विचारलंय की धाकट्या बहिणीला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय, विभागाच्या माहितीपत्रकात ‘सर्वसमावेशकता व सामाजिक न्यायाशी आम्ही बांधील आहोत’ असं छापलंय, तर त्याला काही अर्थ असतो का. मी मराठवाड्यातल्याच एका विभागातून एम.ए. केलंय. कोणत्या ते सांगत नाही, कारण पुढे थोडं वाईटही लिहायचंय.

खरं तर आपल्याकडे असली ओळ छापताना हात थरथरायला पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि लगेच गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ हा शब्द तसाच ठेवून. म्हणून तो दिवस ‘नामविस्तार दिन’. एका पाटीसाठी साडेपंधरा वर्षं! आमच्या दोन वर्षांच्या अभ्यासात यावर किती तास झाले? एकही नाही. दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्येचा सिद्धांत मात्र तीन आठवडे चालला.

एका सरांचा अपवाद. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे, हा त्यातला गाभा. सरांनी तो मराठीत समजावला आणि म्हणाले, दिवाळीला घरी गेलात की चार पिढ्यांच्या सोयरिकी कागदावर काढून आणा. आजीला विचारा, मावशीला विचारा, गावांची नावं लिहा. सुट्टीनंतर आम्ही सगळ्यांनी कागद बाकांवर पसरले. सोयरीक पार सोलापूर-निजामाबादपर्यंत गेलेली, पण जातीबाहेर एकही रेघ नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या कागदावरही नाही. सर काहीच बोलले नाहीत, तास संपेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. ज्याला इंग्रजीचं एक वाक्य धड वाचता येत नव्हतं, त्यानंही त्या दिवशी अंतर्विवाह म्हणजे काय ते समजून घेतलं. समावेशन म्हणतात ते मला तरी तिथं दिसलं.

दुसरी गोष्ट माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची. बीड जिल्ह्यातली, घरचे ऊसतोडीला जाणारे. त्या वर्षी वहिनी बाळंतपणाला आलेली आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली. तिकडं हिशोब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. म्हणून भावाचा कोयता पुरा करायला ही गेली. दिवाळीनंतर गायब, परत आली ती उन्हाळ्यात. ऑफिसनं सांगितलं, हजेरी पंच्याहत्तर टक्के नाही, परीक्षेला बसता येणार नाही.

त्याच सरांनी तिला जाताना सांगितलं होतं, फडावर जे बघशील ते रोज लिहून आण. तिनं दोनशे पानी वही भरून आणली. बायका किती वाजता उठतात, चूल कधी पेटते, मोळ्या कोण बांधतं आणि ट्रॅक्टरवर कोण चढवतं, उचल कोणाच्या हातात पडते, सगळं. वही उघडली की पानांतून पाचटाचे तुकडे पडायचे. तोच तिचा लघुप्रबंध झाला. हजेरीसाठी सरांनी वर भांडून ती वही प्रत्यक्ष क्षेत्रकार्य म्हणून धरायला लावली.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. हे विभागाचं धोरण नव्हतं, एका माणसाचा चांगुलपणा होता. सर निवृत्त झाले, आणि पुढच्या बॅचच्या दोन मुली कोयत्याला गेल्या त्या परत वर्गात आल्याच नाहीत. माहितीपत्रकातली ओळ तेव्हाही तीच होती.

खिडकीवरचा कारभार तर वेगळाच. स्कॉलरशिपचे पैसे जमा झाले नाहीत म्हणून माझा मार्कमेमो चार महिने अडवला. विचारायला गेले तर बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘तुमचं बरंय, फुकटात शिकायचं.’ रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे भेदभावाची तक्रार ऐकायला संस्थेत समान संधी कक्ष असायला हवा. आमच्याकडे पाटी होती. दाराला कुलूप होतं.

तेव्हा प्रवेशाच्या गर्दीत जाऊन विभाग बघू नका, तेव्हा सगळेच गोड बोलतात. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या दिवशी बहिणीला घेऊन जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा: उत्तरपत्रिका मराठीत लिहिली तर मार्क कापतात का, कोयत्याला गेलेल्यांच्या हजेरीचं काय करतात, समान संधी कक्षात माणूस बसतो का. प्राध्यापकांना नका विचारू, ते माहितीपत्रकच वाचून दाखवतील.

वसतिगृहाचा अर्ज मात्र वेळेत भरा. अनुसूचित जातीतल्या असाल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात, फक्त उशिरा येतात. पहिल्या सहामाहीची खोली आणि डबा भागेल एवढे घरून जमवून ठेवा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. निकाल लागल्यावर तहसीलला उभं राहायलाही जागा मिळत नाही.