आमटी एकच ठेव

प्रिय मुली,

गुरुवारी कोपरखैरण्याहून आलीस आणि चपला काढायच्या आधी वही काढलीस. डब्याची अकरा गिऱ्हाइकं, अकरा मतं. कोल्हापूरच्याला तुझी आमटी पाणचट, पुण्याच्या बाईंना गूळ कमी, बेलापूरच्या आगरी दादाच्या मते हे आजाऱ्याचं जेवण. म्हणून तू सोमवारी गूळ वाढवलास, मंगळवारी दोन चमचे तिखट, बुधवारी भाजक्या खोबऱ्याचं वाटण. गुरुवारी काय घातलंस ते मी विचारलंच नाही. तुझा चेहरा बघून चहा टाकला.

आमटी एकच ठेव.

ठाण्याला नौपाड्यात मी १९ वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. तिसऱ्या वर्षी एका कचेरीची ६० डब्यांची ऑर्डर आली. साहेबांना आमटी गोड हवी होती. दोन पातेली कोण लावतंय, म्हणून मी सगळ्यांच्याच आमटीत गूळ वाढवला. एक निवृत्त मास्तर रोज वाटीभर आमटी आणि तीन पोळ्या न्यायचे. पंधरा दिवसांत ते यायचे बंद झाले. भांडले नाहीत, बोलले नाहीत. पुढे जांभळी नाक्याला मंडईत भेटले, तर "हल्ली घरीच करतो" म्हणाले आणि मेथीची जुडी निवडायला लागले. वर्षभराने कचेरीने स्वतःचं कॅन्टीन काढलं. साहेब गेले, मास्तर तर आधीच गेले होते. गुळाची ढेप तेवढी उरली.

आमटीत टोमॅटो बघून नाक मुरडणाऱ्या त्या काकांचं तू इतकं मनाला का लावून घेतलंस? टोमॅटो पारंपरिक नाही म्हणे! ते एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातात ना? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची इथे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, त्याआधी तिखटाला मिरी होती. आमटीतली चिंचसुद्धा मुळात आफ्रिकेची. फार आधी आली म्हणून तिला कोणी आधारकार्ड मागत नाही, इतकंच. आवडत नसेल टोमॅटो, तर "मला आवडत नाही" म्हणावं. आजोबा-पणजोबांना कशाला मध्ये आणायचं?

आणि जिभा तरी कुठे सारख्या असतात? माझ्या भाच्याला कोथिंबीर साबणासारखी लागते. आम्ही त्याला वर्षानुवर्षं नाटकी म्हटलं. मग कळलं की काहींना तसं लागतं ते थोडंफार जन्मजातच असतं. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड उडाली. शेजारचा म्हणाला तोंड कडू झालं, फॉक्सला काहीच लागेना. खोली तीच, पूड तीच. आणि तू अकरा घरांतल्या जिभा एका पातेल्यात बसवायला निघालीस!

माझा धाकटा दीर सांगत फिरतो की केंद्र माझ्या एकाच आमटीच्या हट्टामुळे बंद पडलं. खोटं आहे. गाळ्याचं भाडं वाढलं आणि माझे गुडघे गेले. आमटीचा त्यात काही संबंध नाही. असलाच तर थोडा.

पण माझ्या हट्टाचं एक तुला सांगायलाच हवं. माझी सून हुबळीकडची. लग्नानंतर तिने पहिल्यांदा डाळ केली, माहेरून आणलेली सारूची, म्हणजे कानडी साराची, पूड घालून. मी पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं, "ही काही आमटी नव्हे." नव्हतीच ती. पण ती बिचारी तरी आमटी कुठे म्हणाली होती? याला सात वर्षं झाली. ऐरोलीला त्यांच्याकडे गेले की जेवण बाहेरून येतं. पनीर असतं. मी मुकाट खाते. माझी आमटी एकच, म्हणजे बाकीच्यांची चुकीची, असा अर्थ मी लावला होता.

तर वहीतली ती अकरा पानं फाड. नव्या पानावर तुझं माप लिही: डाळ किती, चिंच किती, गूळ किती, गोडा मसाला किती. तुझ्या तोंडाला बरी लागेल ती आमटी. कोल्हापूरच्याच्या डब्यात ठेच्याची पुडी टाक. तिखट त्याच्या वाटीत जाऊ दे, तुझ्या पातेल्यात नको. आगरी दादाला सांग, बाबा, आमटी हीच, तुझं सुकटीचं कालवण तू घरी कर. पुण्याच्या बाईंना काही सांगू नकोस. त्या बोलत राहतील आणि डबाही चालू ठेवतील. मी ओळखते असली गिऱ्हाइकं.

रविवारी मी ऐरोलीला जाणार आहे. सुनेला फोन करून म्हटलं, सारू करशील का? बराच वेळ काही बोलली नाही, मग "बघते" म्हणाली.

तुझा डबा सोमवारी पाठव. गूळ किती घालू, असं विचारायला फोन केलास तर उचलणार नाही.

तुझी,
काकू