गाऱ्हाणं 'घालतात' म्हणजे नेमकं काय करतात?

विचारणा एका ताईंची आहे. माहेर अकोल्याचं, सासर देवगड तालुक्यातलं, नवरा पुण्यात नोकरीला. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत आरती झाल्यावर सासरे म्हणाले, "चला, आता गाऱ्हाणा घालूया", आणि ताईंच्या पोटात गोळा आला. त्यांच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे सरळसरळ तक्रार. सुनेचं गाऱ्हाणं सासू शेजारणीकडे सांगते ते गाऱ्हाणं. आता गणपतीसमोर सगळ्यांच्या देखत आपली कुठली तक्रार निघते म्हणून त्या अंग चोरून मागे उभ्या, तर सासऱ्यांनी हात जोडून मोठ्याने देवाशी बोलायला सुरुवात केली आणि दर वाक्याला सगळं घर ओरडतंय "होय म्हाराजा!" ताईंचा प्रश्न असा की हा शब्द एकच आहे का दोन वेगळे, आणि एकच असेल तर तक्रारीची प्रार्थना झाली कशी. शेवटी एक छोटा प्रश्नही आहे, त्याचं उत्तर शेवटीच देतो.

आधी सांगतो, शब्द एकच. संस्कृतात गर्हणा म्हणजे निंदा, दोष देणं. 'गर्हणीय कृत्य' असं आपण आजही लिहितो, म्हणजे पेपरात लिहितात, बोलताना कोणी म्हणत नाही. त्यावरून गाऱ्हाणं धरतात. म्हणजे दोष देणं, मग दोष दाखवून रडणं म्हणजे तक्रार, इथपर्यंत घाटावर आणि विदर्भात शब्द पोचला आणि तिथेच थांबला. सरकारी मराठीनेही तोच अर्थ उचलला, वीज ग्राहकांसाठी 'ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच' असतो बघा. (तिथे दर वाक्याला होय म्हाराजा म्हणणारं कोणी मिळत नाही ही गोष्ट वेगळी.) कोकणात मात्र शब्द आणखी एक पाऊल पुढे जाऊन देवळात शिरला.

पण 'शब्द पुढे गेला' एवढं बोलून सोडलं तर काही कळत नाही, म्हणून जरा क्रियापदाकडे बघा. माझ्या मते खरी गंमत गाऱ्हाण्यात नाहीये, 'घालण्या'त आहे. तक्रार असेल तर गाऱ्हाणं सांगतात, गातात, मांडतात. देवाला मात्र घालतात. आता मराठीत आपण काय काय घालतो ते आठवा. साकडं घालतो, गळ घालतो, शपथ घालतो, लग्नाची मागणी घालतो, कोडं घालतो. ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, घालून झालं की चेंडू समोरच्याच्या अंगणात. कोडं घातलं की तुम्ही उत्तर देणं लागता, शपथ घातली की तुम्ही बांधले जाता, मागणी घातली की हो का नाही ते मुलीकडच्यांनी सांगायचं. सांगितलेलं गाऱ्हाणं ऐकून घेणारा "बघू" म्हणून उठू शकतो, घातलेलं गाऱ्हाणं त्याच्या गळ्यात पडतं. पेपरात कधी कधी 'मंत्र्यांना गाऱ्हाणे घातले' असं येतं, तिथे हाच वास आहे. आणि ताई, तुमचे सासरे शेवटाकडे "काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल" असं म्हणाले असतील, म्हणजे आपण देवाच्या गळ्यात घालायचं आणि त्याने पोटात घालायचं, व्यवहार पूर्ण.

आता हे कोकणातच का, तर इथला देव हा नुसता हात जोडायचा देव नाही, तो गावाचा मालक आहे. रवळनाथ, वेतोबा, सातेरी, भगवती, जो कोण ग्रामदैवत असेल त्याची गावावर सत्ता, त्याच्या नावाने गावऱ्हाटी, म्हणजे गावाचा परंपरेने चालत आलेला कारभार, चालते, त्याचे मानकरी ठरलेले, कोणाचा मान पहिला कोणाचा दुसरा ह्यावरून पिढ्यान्पिढ्या वाद. घराच्या जागेलासुद्धा जागेवाला, म्हणजे जागा राखणारा देव, असतो आणि त्याला वर्षाची राखण द्यावी लागते. (हा पण शब्द बघा, इतरत्र राखण म्हणजे पहारा, आमच्याकडे पहारा करणाऱ्याला द्यायचं ते. माझ्या एका साताऱ्याच्या मित्राला मी "उद्या राखण द्यायची आहे, येऊ नकोस" म्हटलं तर तो विचारतो, काय चोरीबिरी झाली का?) थोडक्यात देवळाची भाषा ही दरबाराची भाषा आहे. म्हाराजा हे संबोधन दरबारातलं. गाऱ्हाणं घालायचं ते दरबारात, आणि मग दरबाराकडून उत्तर येतं ते म्हणजे कौल.

कौल ह्या शब्दावर जरा थांबतोच, कारण जोडी त्याशिवाय पुरी होत नाही. अकोल्याला कौल म्हटलं की छपरावरचं कौल आठवेल, नाहीतर निवडणुकीनंतर 'जनतेचा कौल'. आमच्या देवळात देवाच्या अंगाला पाकळ्या, फुलं किंवा पानं लावतात आणि प्रश्न विचारतात, उजवीकडचं पडलं तर उजवा कौल म्हणजे हो, डावीकडचं पडलं तर नाही. हा कौल अरबी 'कौल'वरून आलाय, अर्थ बोललेला शब्द, वचन. कव्वालीसुद्धा त्याच घरातली. मराठेशाहीत सरकारने रयतेला लिहून दिलेलं अभयपत्र तो कौलनामा. म्हणजे देव पाकळी पाडून तुम्हाला नुसतं हो-नाही सांगत नाही, शब्द देतो. एका बाजूने संस्कृतातून आलेलं गाऱ्हाणं, दुसऱ्या बाजूने अरबीतून आलेला कौल, आणि दोघांची गाठ कुठे तर कोकणातल्या गावच्या देवळात, नारळाच्या साक्षीने. मला तरी हे फार भारी वाटतं.

तुम्हाला वाटेल आमचं कोकणच जगावेगळं, तर तसंही नाही. मी मुंबईत नोकरीला असताना ऑफिस सुटल्यावर दोन वर्षं जर्मनच्या क्लासला जायचो, (बॉस जर्मन बोलायचा असं काही नाही, लोकलची गर्दी कमी होईपर्यंत वेळ काढायचा होता) तिथे 'क्लागे' हा शब्द आला. बाईंनी अर्थ सांगितला विलाप. पुढच्या धड्यात तोच शब्द कोर्टात, अर्थ दावा, फिर्याद. मी म्हटलं असं कसं, रडणं आणि केस करणं एकच? बाई म्हणाल्या हो, एकच. आणि जेरुसलेमची ती भिंत, जिथे ज्यू लोक प्रार्थना करतात आणि दगडांच्या फटीत चिठ्ठ्या खोचतात, तिला जर्मनमध्ये म्हणतात 'क्लागेमाउअर'. म्हणजे मालवणीत सांगायचं तर गाऱ्हाण्याची भिंत! वर्गात मी एकटाच हसलो, कारण समजावून कोणाला सांगणार, बाकीचे सगळे दादर-पार्ल्याचे.

दुसरं उदाहरण तर इथून हाकेच्या अंतरावर, गोव्यात. तिथल्या ख्रिश्चन घरांत क्रुसासमोर लादीन म्हणतात, पोर्तुगीज 'लादाइन्या'वरून. एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे दर ओळीला तेच ठरलेलं उत्तर देतात, लॅटिनमध्ये 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर. पद्धत बघा, भाषा सोडली तर आपलं होय म्हाराजाच. लादाइन्या हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ विनवणी, प्रार्थना. हाच शब्द इंग्रजीत 'लिटनी' झाला, आणि आता इंग्रजी पेपरात 'लिटनी ऑफ कम्प्लेंट्स' असं वाचाल, म्हणजे तक्रारींची लांबलचक यादी! आमचा शब्द तक्रारीकडून निघाला तो प्रार्थनेला पोचला, त्यांचा प्रार्थनेकडून निघाला तो तक्रारीला पोचला, वाटेत गोव्याच्या हद्दीवर बांदा-पत्रादेवीच्या नाक्यावर दोघांची भेट झाली असती तर एकमेकांना ओळखलंही असतं.

आणि गंमत म्हणजे आपला 'तक्रार' हा शब्द तरी कुठे सरळ आहे. अरबीत 'तकरार' म्हणजे परत परत करणं, पुनरावृत्ती. उर्दू-हिंदीत त्याचं भांडण झालं, प्यार आणि तकरार वगैरे. मराठीत ऑफिसात द्यायचा कागद झाला. मूळ अर्थ मला सगळ्यात खरा वाटतो कारण एकदा देऊन कुठली तक्रार सुटलीय? फिर्यादीचंही तेच. फारसीत फर्याद म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक, हिंदीत अजून लोक देवाकडे फरियाद करतात, मराठीत मात्र ती पोलीस स्टेशनात जाऊन बसली आणि फिर्यादी झाली. आपण देवाकडे फिर्याद केली म्हटलं तर ऐकणारा विचारेल कुठल्या कलमाखाली.

ह्यावरून दुसऱ्या भाषा शिकणाऱ्यांना, आणि दुसऱ्या जिल्ह्यात लग्न करून येणाऱ्यांना तर जास्तच, माझं एक सांगणं असतं. अनोळखी शब्दाने सहसा फसायला होत नाही, आपण विचारतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. तुमच्याकडे वावर म्हणजे शेत, इथे कोणाला "वावरात जाऊन येते" म्हणालात तर समोरचा वाट बघेल पुढे काय म्हणते म्हणून, कारण इथे शेताच्या तुकड्याला कुणगा म्हणतात आणि वावर हा माणसांचा असतो. सासूबाईंनी "च्या होया?" विचारलं की ते 'होय' नव्हे, होया म्हणजे हवंय का. मी स्वतः पणजीत सहा महिने कामाला होतो तेव्हा पहिल्याच दिवशी खाणावळीत मालकीणबाईंनी विचारलं "नुस्तें जाय?" मी म्हटलं नुसतं नको, सोबत काहीतरी द्या. त्या हसत सुटल्या, कारण नुस्तें म्हणजे मासे. मग पाणी मागितलं तर आतल्या पोराला हाक मारून म्हणाल्या "उदक दी". मराठी माणसाला उदक सोडायची सवय, प्यायची नाही. हातात पेला आला तेव्हा क्षणभर वाटलं आता कशावर तरी पाणी सोडायला लावतात की काय.

असो, भरकटलो. तुमच्या प्रसंगाकडे येतो. तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांनी गाऱ्हाण्यात "घरात नवी इलेली सून" असं काहीतरी म्हटलं आणि तुमच्या छातीत धस्स झालं. तक्रारीचा अर्थ डोक्यात असेल तर होणारच. पण आमच्याकडच्या गाऱ्हाण्याचा साचा असा असतो, की आधी देवाला हाक, बा देवा म्हाराजा, मग जमलेली माणसं कोण ते सांगायचं, मुंबईहून आलेले चाकरमानी, न येऊ शकलेले, परगावी शिकणारी पोरं, मग ह्या वर्षीची नवी माणसं, जन्मलेलं मूल असेल नाहीतर आलेली सून, मग त्यांना सुखी ठेव, वाईट चिंतणाऱ्याला सुबुद्धी दे, (काही म्हातारे इथे सुबुद्धीच्या जागी जरा तिखट काहीतरी मागतात) आणि शेवटी पुढच्या वर्षी ह्यापेक्षा दुप्पट माणसं तुझ्यासमोर उभी कर. पाठ केलेलं नसतं, माणूस उभ्या उभ्या रचतो, म्हणून प्रत्येक घरचं गाऱ्हाणं वेगळं. सुनेचं नाव त्यात घेणं म्हणजे दरबारात तिची नोंद करणं. मालकाला कळवलं की हे माणूस आता आमचं, ह्याची जबाबदारी तुझी. एका अर्थाने तुमचं लग्न रजिस्टर ऑफिसात एकदा लागलं आणि गणपतीसमोर दुसऱ्यांदा, फक्त दुसऱ्या वेळी तुम्हाला वाटलं आपल्यावर आरोपपत्र वाचतायत.

आता राहिला तो छोटा प्रश्न, होय म्हाराजा नेमकं कधी म्हणायचं, कारण मागच्या वेळी तुम्ही एकदा मध्येच म्हणालात आणि दिरांची पोरं फिदीफिदी हसली. सोपं आहे. वाक्य संपलं की बोलणारा श्वास घेतो आणि आवाज किंचित वर नेतो, तिथे. बोलणाऱ्याकडे न बघता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बघा, तिने पन्नास-साठ गणपती काढलेले असतात, तिची मान हलली की म्हणा. आणि जोरात म्हणा. हळू म्हटलेलं आमच्याकडे धरत नाहीत, मग परत म्हणायला लावतात.