वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात रंगवायची फौज

प्रश्न : वॉरहॅमरसारख्या, टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी मी ४० सांगाडे-सैनिकांची प्लास्टिकची फौज रंगवायला घेतली आहे. मे महिन्यात रंगवलेले सैनिक उत्तम झाले. जूनमध्ये मात्र त्याच डब्यातील स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारला असता पृष्ठभाग खरखरीत झाला, आणि पूर्ण झालेल्या सैनिकांवर मॅट वॉर्निश फवारताच पांढुरकी झाक आली. रंग खराब निघाला असेल काय? दिवाळीपर्यंत फौज पूर्ण व्हावी अशी इच्छा आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : डबा मे महिन्यात चांगला चालला होता, त्या अर्थी दोष बहुधा रंगाचा नसून हवेचा आहे. डब्यातील वायू बाहेर पडताच झपाट्याने प्रसरण पावतो, द्रावकही उडून जातो, आणि या दोन्ही क्रियांत उष्णता शोषली जात असल्यामुळे रंगाचे थेंब व सैनिकाचा पृष्ठभाग काही क्षण थंड पडतात. कोकणातील पावसाळी हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. त्यामुळे त्या थंड थरावर दव धरते आणि थर सुकताना ते आत अडकून पांढुरके दिसते. पावसाने उघडीप दिली की पडवीत जाऊन फवारा उरकून घेण्याचा मोह होतो खरा, परंतु पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असे नव्हे. फवाऱ्याचे डबे दसऱ्यापर्यंत कपाटात ठेवावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत काम थांबवण्याचे कारण नाही. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर मिळतो. त्याचे दोन पातळ थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा, कारण या हवेत रंग बोटाला कोरडा लागला तरी आतून ओलसर असतो. पांढरट झालेल्या सैनिकांवर ब्रशने चकचकीत वॉर्निशचा एक हात फिरवावा. बहुतेक वेळा झाक त्यानेच जाते, आणि मग मॅट वॉर्निश, बाटली भरपूर हलवून, अगदी पातळ लावता येते. मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते. बाटली न हलवता लावलेले वॉर्निश पुन्हा पांढरे दिसण्याचा संभव असतो. खरखरीत प्रायमर मात्र काढूनच टाकावा लागेल. त्यासाठी सैनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासावेत, आणि हे काम दिवा-शेगडीपासून दूर करावे. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर वापरू नये, कारण त्यात प्लास्टिकच विरघळते.

आता दिवाळीविषयी. एक सैनिक पूर्ण करून दुसरा घेण्याची पद्धत फौजेसाठी उपयोगाची नाही. गणपतीच्या चित्रशाळेत एकेक मूर्ती संपवत बसत नाहीत. एक रंग ओळीतील सगळ्या मूर्तींना लागतो, आणि डोळ्यांची आखणी शेवटी जाणत्या हाताकडे जाते. आपणही दहा-दहा सैनिकांची ओळ लावावी. सर्वांना हाडाचा फिकट रंग, त्यावर खाचांत उतरणारा पातळ तपकिरी वॉश, तो पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर पुन्हा फिकट रंग, एवढ्याने बरगड्या आणि कवट्या उठून दिसतात. शस्त्रे व ढाली त्यानंतर घ्याव्यात. बारकाव्याची हौस सेनापतीवर आणि ध्वजधारकावर भागवावी. खेळताना हातभर अंतरावरून बाकीच्यांची फौजच दिसते, चेहरे नव्हेत. (सांगाडे निवडल्यामुळे डोळ्यांच्या आखणीतून आपण सुटला आहात, हे अभिनंदनीय.)

प्रश्न : सैनिक ज्या चकत्यांवर उभे असतात त्या तळांवर किनाऱ्यावरची वाळू चिकटवली तर चालेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : चालेल, पण गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळते. म्हणजे न धुतलेली वाळू आपल्याकडे पावसाळाभर ओलसर राहणार आणि रंगाचे पापुद्रे सुटणार. त्यापेक्षा जांभ्याचा चुरा चाळून वापरावा, असे आम्ही सुचवू. तो खरखरीत असल्यामुळे फेव्हिकॉलवर चांगला बसतो, आणि त्याचा तांबडा रंग फिकट हाडांशेजारी इतका शोभतो की निराळा रंग देण्याची गरज पडत नाही. वरून पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यावा, आणि तो पुरता वाळल्यावर वॉर्निशचा, कारण वाळलेला फेव्हिकॉलही दमट हवेत मऊ पडतो. तळाखाली चुंबके बसवली असतील, तर त्यांनाही वॉर्निश लावावे. निकेलचा मुलामा उडालेले चुंबक खाऱ्या हवेत लवकर गंजते.