अणुभट्टी जुनी झाली की भंगारात जाते का?

प्रश्न : आम्ही बोईसरचे, तारापूर अगदी जवळ. २०२५-२६ च्या बजेटमध्ये छोट्या मॉड्युलर अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी ठेवलेत असं ऐकलं. मॉड्युलर म्हणजे मोबाइलसारखं का, बिघडलं की फेका आणि नवीन घ्या? आणि जुन्याचं काय करतात?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : फेकायचं नाही हो, उलट आहे. मॉड्युलर म्हणजे भाग फॅक्टरीत बनवायचे, साइटवर आणून जोडायचे, आणि नीट डिझाइन केलं असेल तर एकच भाग काढून बदलायचा, बाकी सगळं तसंच चालू ठेवायचं. ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. नरोरा, कैगा, काक्रापारच्या २२० मेगावॅटच्या भट्ट्या घ्या, आत ३०६ आडव्या नळ्या, प्रत्येक नळीत हातभर लांबीची १२ इंधन बंडलं (युरेनियम भरलेल्या बारीक नळ्यांच्या जुड्या) एकापुढे एक. भट्टी चालू असतानाच नळीच्या दोन्ही टोकांना दोन मशीन लागतात, एक नवीन बंडल आत ढकलतं आणि दुसरं वापरलेलं बाहेर घेतं, वीज बंद करायची गरजच नाही. तुमच्या तारापूरचं ३ आणि ४ नंबर युनिटही असंच चालतं, १ आणि २ मात्र इंधन बदलायला बंद करावं लागतं.

नळ्याही बदलता येतात. पहिल्या भट्ट्यांमधल्या नळ्या झिरकॅलॉय-२ या झिरकोनियम धातूच्या मिश्रणाच्या होत्या, त्या वर्षानुवर्षं हायड्रोजन शोषून ठिसूळ व्हायच्या. मग राजस्थानात रावतभाट्याच्या २ नंबर युनिटमध्ये १९९० च्या दशकात सगळ्या काढून झिरकोनियम-नायोबियमच्या बसवल्या, भट्टी तीच, आयुष्य वाढलं. मला हे काम फार मोठं वाटतं, त्याबद्दल आपण बोलतच नाही.

आता भंगाराचं. काढलेल्या नळ्या किरणोत्सारी असतात, त्या भंगारवाल्याकडे जात नाहीत, सांभाळूनच ठेवाव्या लागतात. इथे सर्क्युलर, म्हणजे वापरलेली वस्तू पुन्हा वापरात आणायची, वगैरे शब्दाला मर्यादा आहे हे मान्य करायला हवं. पण डिझाइन करतानाच विचार केला तर पुढचा त्रास कमी होतो, उदाहरणार्थ स्टीलमध्ये कोबाल्ट कमीत कमी ठेवायचा, कारण भट्टीत त्याचा किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतो आणि तो ५ वर्षांनी जेमतेम निम्मा होतो. नवीन छोट्या भट्ट्या घेताना त्या पुढे उघडायच्या कशा हे पहिल्या दिवशी विचारा, असं माझं ठाम मत आहे.

इंधन मात्र खरंच पुन्हा वापरात फिरतं. वापरलेल्या बंडलात अजून बहुतेक युरेनियमच असतं, शिवाय थोडं प्लुटोनियम तयार झालेलं. ट्रॉम्बेला १९६४ पासून वापरलेलं इंधन अ‍ॅसिडमध्ये विरघळवून हे दोन्ही वेगळं काढतात. आणि उरलेल्या कचऱ्यातूनसुद्धा भाभा अणुसंशोधन केंद्राने सिझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ काढून काचेत मिसळलं, स्टीलच्या पेन्सिलींत भरलं, आणि त्या पेन्सिली रक्तपेढ्यांच्या मशीनमध्ये जातात, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटला द्यायचं रक्त त्यावर किरण देऊन सुरक्षित करतात. काच का, तर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या क्लिनिकमधलं सिझियमची पावडर असलेलं मशीन भंगारात गेलं आणि ४ माणसं मेली. पावडर हाताला लागते, पाण्यात विरघळते, काच तशी सहज विरघळत नाही.