मास्क घ्या, बाकीचं भाड्याने

ताई, ठाण्याहून दोन दिवस तारकर्लीला स्नॉर्कलिंगला (मास्क-नळी लावून पाण्याखालचं बघायला) जाताय, तर त्याचा अख्खा सेट विकत घेऊ नका. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख), लाइफ जॅकेटचं ओझं कशाला? डोळे-नाक झाकणारा मास्क आणि श्वासाची नळी मात्र स्वतःची घ्या, मुलांची तर घ्याच. भाड्याचे मास्क बहुधा मोठ्यांच्या मापाचे. नाकात पाणी गेलं की पोर घाबरतं आणि पुन्हा उतरायला तयार होत नाही. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मास्कची कड सिलिकॉनचीच बघा. मिस्टरांना मिशी असेल तर थोडं पाणी झिरपणारच. नव्या काचेला आतून साधी पांढरी टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर सारखी वाफ धरते. आणि निघण्याआधी सोसायटीच्या पूलमध्ये मुलांना नळीने श्वास घ्यायची सवय करून द्या.