डाग पडलेले जुने एचएमटी पायलट घ्यावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एका विक्रेत्याकडे एचएमटी या सरकारी कंपनीचे ‘पायलट’ नावाचे जुने मनगटी घड्याळ आहे, त्याच्या काळ्या तबकडीवर चार-पाच तपकिरी ठिपके आहेत, एक-दोन ठिकाणचे रेडियम गळून पडले आहे, काच ओरखडलेली आहे आणि घड्याळ दिवसाला दहा मिनिटे पुढे जाते. दुसऱ्या विक्रेत्याकडे तेच मॉडेल जवळजवळ त्याच किमतीत ‘अगदी नव्यासारखे’ मिळते आहे. घड्याळ विकायचे नसून स्वतःच्या संग्रहात ठेवायचे असेल, तर यांपैकी कोणते घ्यावे?

मी पहिले घेईन. मात्र मागचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देणार नाही.

दुसऱ्या घड्याळाबद्दल माझ्या मनात शंका येते, ती एका जुन्या चुकीमुळे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी असेच एक चकचकीत पायलट घेतले होते. घासाघीस करून भाव उतरवल्याचा आनंद घरी येईपर्यंत टिकला. भिंगाखाली धरल्यावर आकड्यांच्या कडा टीपकागदावर शाई फुटावी तशा फुटलेल्या दिसल्या, आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर यायच्या त्या किंचित बाजूला सरकलेल्या होत्या. नेहमीच्या घड्याळजींनी काटे उतरवले तेव्हा उरलासुरला संशयही फिटला : मधल्या भोकाच्या कडेला काळ्या रंगाचा टवका उडाला होता आणि खालून चंदेरी तबकडी डोकावत होती. म्हणजे कोणत्या तरी साध्या मॉडेलची तबकडी काळी रंगवून, वर नाव छापून तिचे पायलट केलेले होते. असे रंगकाम इतके सर्रास चालते की परदेशातल्या संग्राहकांनी त्याला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच देऊन टाकले आहे. ते नाव ऐकून मुंबईकरांना राग यावा, पण ते अगदीच अकारण पडलेले नाही.

आता तुमच्या ठिपकेवाल्या घड्याळाकडे वळू. एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या तंत्रसाहाय्याने बंगळूरला १९६१ मध्ये मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि पुढे चावीच्या घड्याळांसाठी जे ०२३१ क्रमांकाचे मशीन वापरले, तेच जनता, पायलट आणि इतर कितीतरी मॉडेलांत बसवले गेले. १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे) आणि तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५, असे हे साधे, दणकट मशीन आहे. ते इतक्या मोठ्या संख्येने बनले की सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतल्यानंतरही त्याचे सुटे भाग मिळणे अवघड झालेले नाही. बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळातून चक्र किंवा स्प्रिंग काढून बसवता येते. तबकडीचे तसे नाही. मूळ छपाईची तबकडी एकदा खरवडून रंगवली की ती कायमची गेली. म्हणून एचएमटीच्या बाबतीत मशीनचा दोष पत्करावा आणि तबकडीच्या खरेपणात तडजोड करू नये, असे माझे मत आहे. (हेच तुम्ही फाव्र-ल्युबा या स्विस कंपनीच्या दोन स्प्रिंगांच्या मशीनबद्दल विचारले असते, तर मी इतक्या निश्चिंतपणे सांगितले नसते, तिथे भाग शोधण्यात वर्षही जाऊ शकते.)

तपकिरी ठिपके दमटपणामुळे येतात, आणि ते स्थिर असतील तर मला खटकत नाहीत. मात्र दमटपणा तबकडीपर्यंत पोहोचला असेल, तर तो मशीनपर्यंतही पोहोचला असण्याची शक्यता असते, आणि खरी तपासणी तिथेच करायची आहे. पाणी बहुतेक वेळा चावीच्या बाजूने आत शिरते. त्यामुळे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी चावीच्या दांडीकडे आणि तिच्या शेजारच्या स्क्रूंकडे पाहावे. स्क्रूच्या डोक्यावर हलकासा तांबूसपणा असेल तर सर्व्हिसिंगमध्ये तो निघतो. पण गंजाने दांडी खाल्ली असेल, चक्रांच्या दातांवर लाल भुकटी बसली असेल किंवा हेअरस्प्रिंगवर (घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) एकही डाग असेल, तर विक्रेत्याचे आभार मानून बाहेर पडावे. भाग मिळतात हे खरे असले, तरी सगळेच बदलायचे असतील तर मग तुम्ही विकत काय घेतले, असा प्रश्न उरतो.

दिवसाला दहा मिनिटे पुढे जाणे हा ऐकायला मोठा वाटणारा, पण पुष्कळदा किरकोळ निघणारा दोष आहे. स्पीकर किंवा चुंबक लावलेले मोबाइलचे कव्हर यांच्या सहवासात हेअरस्प्रिंग चुंबकीय होते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कार्यकारी लांबी कमी होते आणि घड्याळ धावू लागते. घड्याळजी ही चुंबकीयता काही सेकंदांत काढून देतात. तेलामुळे वेटोळी चिकटली असतील तर साफसफाई करावी लागते, इतकेच. विक्रेत्याला हे सांगण्याची घाई करू नका; सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काचेचा विचारही करू नये. ती प्लास्टिकची असते. टूथपेस्टने घासून बरीच उजळते, नाहीतर बदलता येते. रेडियमकडे मात्र नीट पाहा. आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो तो चमकणारा लेप काट्यांवर आणि तबकडीवर बहुधा सारख्याच रंगाने जुना होतो. तबकडीवरचा लेप पिवळट झालेला आणि काटे मात्र हिरवट ताजे असतील, तर काटे नंतरचे आहेत. खरे जुने काटे पुढे सापडू शकतात, त्यामुळे एवढ्यासाठी मी घड्याळ सोडणार नाही, पण भाव नक्की पाडून मागेन. गळलेल्या जागी नवा लेप भरून घेण्याचा मोह टाळावा. पेटीला पॉलिश करण्याचाही. घामाने पेटीच्या कानांवर, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांवर, पडलेले बारीक खड्डे पॉलिशने जात नाहीत. त्यांच्यासोबत मुलामा आणि कडा मात्र जातात.

झाकण उघडाल तेव्हा त्याची आतली बाजूही प्रकाशात तिरकी धरून पाहा. जुने घड्याळजी तिथे सुईच्या टोकाने दुरुस्तीची तारीख किंवा स्वतःची खूण कोरून ठेवत. माझ्याकडच्या एका डागाळलेल्या जनतावर अशा तीन खुणा आहेत, तीनही वेगवेगळ्या अक्षरांत. एकीत नुसते ‘७९’, दुसरीत ‘८४’, आणि तिसरी मला आजवर लागलेली नाही. तुमच्या पायलटमध्ये अशा खुणा सापडल्या आणि दांडी गंजलेली नसली, तर जास्त वेळ विचार करू नका. ते घड्याळ दुसरा कोणीतरी घेऊन जाईल.